वरचं दूध

सोमवार, ४ मार्च

रक्तदाबाच्या डॉक्टरने फर्मान काढलंय. राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. म्हटलं, एका वहीत मावणार नाही हो. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

तर आजचा राग. आमचे साहेब, म्हणजे माझा नातू, सात आठवड्यांचे झाले. बाहेर ऊन असं की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. आणि त्या लेकराला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असा सुनेचा हुकूम. पाणी नाही, वरचं दूध नाही, काही म्हणजे काही नाही. सहा महिने फक्त अंगावरचं. विचारलं, कुणी सांगितलं हे? म्हणाली, "दवाखान्यात सांगितलंय, आई." म्हणजे मी माझं पोर काय झाडावरून तोडून आणलं होतं? मी पाणी पाजलं, वरचं दूध पाजलं, आणि तो आज लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरून लिफ्टा दुरुस्त करतो. मेला नाही.

काही बोलले की ती भांडत नाही, उत्तरही देत नाही. नुसतं बाळाला उचलते आणि खोलीत जाते. भांडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८ मार्च

जन्म गेला माझा कपड्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. सुटलेला टाका मला लांबून दिसायचा. बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या, पण माझ्या टेबलावरून वाईट शर्ट कधी पुढे गेला नाही. त्यामुळे घरात काय चाललंय ते मला दिसत नाही असं कुणी समजू नये.

चांगला सरकारी दवाखाना कोपऱ्यावर असताना हिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळातच जायचं असतं. दोन बस बदलून. मागच्या आठवड्यात तिथे साहेबांच्या टाचेला सुई टोचून रक्त घेतलं. कशाला? "सगळ्यांचंच घेतात." जन्मल्यापासून रोज त्यांना कसलंतरी पातळ औषध पाजत होती, पिचकारीने. कशाला? "ताकदीचं आहे." आणि संध्याकाळी जेवायला बसलो की हिच्या फोनचा गजर वाजतो. ही उठते, पाठोपाठ आमचे चिरंजीव उठतात, दोघं खोलीत जातात आणि तोंड पुसत परत येतात. नवराबायकोचं हे कसलं खूळ?

मुलाचं मला कळतं. त्याचं पोट नाजूक आहे, पित्ताची गोळी रोज घ्यावी लागते. लग्नाआधी तो मोठा ताप आला होता तेव्हापासूनचं आहे ते. काय वाळला होता तेव्हा! इस्पितळात मी उशाशी बसून काढले ते दिवस. डॉक्टर बोलायला आला की हा मला बाहेर पाठवायचा, आई घाबरेल म्हणून. इतका मायाळू. उठून हिंडायला लागला तसं मीच घाई केली, म्हटलं आता लग्न उरकून टाकू, खाण्यापिण्याकडे बघणारं कुणीतरी येईल. आणि आणली ही.

बुधवार, २७ मार्च

आज अक्षर लागणार नाही.

दुपारी साहेब रडत होते. ओठ सुकलेले. ती अंघोळीला गेलेली. मी पाणी उकळून, गार करून, स्वच्छ चमचा घेऊन बसले. चमचा त्यांच्या ओठाला लागला न लागला तोच ही ओल्या केसांनी धावत आली आणि माझ्या हातावर फटका मारला. चमचा फरशीवर. माझ्या हातावर! या घरात आजवर कुणी माझ्यापुढे ब्र काढला नव्हता. म्हणाली, "आई, पाया पडते, पण हे करू नका." पाया पडते म्हणायचं आणि हात उगारायचा.

संध्याकाळी मुलाला सांगितलं, एक तर ती माझी माफी मागेल, नाहीतर मी बॅग भरून बहिणीकडे जाते. त्याने माझा दंड धरला आणि मला गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाक्यांमागे. चपलेने खडे उडवत राहिला. मग म्हणाला, "आई, तिला एचआयव्ही आहे."

मी म्हटलं, काय?

"गरोदर असताना तपासणीत कळलं. गोळ्या चालू आहेत. आई, कुणाला बोलू नकोस. आणि तुला सांगितलंय हे तिला कळू देऊ नकोस. तिने शपथ घातलीय मला."

मी विचारलं, "आणि तू?" तो टाकीकडे बघत म्हणाला, "मी ठीक आहे गं."

देवा, निदान एवढं तरी.

गुरुवार, २८ मार्च

म्हणून ही मूग गिळून बसते. म्हणून तो लांबचा दवाखाना. कुठून घेऊन आली कोण जाणे. माझा सरळ मुलगा, याच्या गळ्यात बांधली. आणि बांधली मीच. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय.

पण खरा राग वेगळाच आहे. ही बाई, अंगात हे असं असताना, माझ्या नातवाला स्वतःचं दूध पाजते! मला हे नीट ठाऊक आहे. कारखान्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत आरोग्य खात्याची बाई आली होती, मोठी मोठी चित्रं घेऊन. तिने बजावून सांगितलं होतं, हा आजार आईच्या दुधातून बाळाला होतो, अशा आईने अंगावर पाजायचं नाही, डब्याचं दूध द्यायचं. आम्ही सगळ्या जेवता जेवता थांबलो होतो. ते काल ऐकल्यासारखं आठवतंय.

हिला हे माहीत नसेल? दवाखान्यात जाते ना? की स्वतःचं आईपण मिरवायला लेकराचा जीव गेला तरी चालेल? आणि माझा मुलगा बायकोच्या तोंडाकडे बघत गप्प.

विचारू कुणाला? मुलाने तोंड शिवून टाकलंय माझं.

सोमवार, १ एप्रिल

सूनबाई आजपासून कामावर. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते, काम नाजूक आहे, नाही म्हणत नाही मी. जाताना वाटीत काढलेलं दूध झाकून ठेवून गेली. "आई, हे चमच्याने पाजा. हेच फक्त. दुसरं काही नको हं, आई." दोनदा म्हणाली. मग दारातून परत आली आणि तिसऱ्यांदा म्हणाली.

मी म्हटलं, बरं.

मंगळवार, २ एप्रिल

डबा आणला. बाटली आणली. समोरच्या बाईला दिसू नये म्हणून पिशवीत जुन्या चादरीखाली.

तिची पाठ वळली तशी वाटीतलं दूध मोरीत ओतलं आणि नळ सोडला. मग बाटली उकळली, डब्यावर लिहिलंय तसं मोजून दूध केलं, हाताच्या मागच्या बाजूवर थेंब टाकून बघितला. मी अडाणी नाही. साहेबांनी आधी तोंड वेंगाडलं, मग जे तुटून पडले की संपवूनच सोडली. पोट असं टम्म. आणि झोपले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी या घरात याचा विचार करतंय.

बाटली धुऊन माझ्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांमागे.

बुधवार, १० एप्रिल

रोजचं चाललंय. पण संध्याकाळी ती आली की पिशवी टाकायच्या आधी त्याला जवळ घेते आणि लावते अंगाशी. मी म्हणते, अगं आत्ताच प्यालाय, पोट भरलंय, झोपू दे. ती ऐकत नाही.  दिवसभर मी वाचवते आणि संध्याकाळी ही पाणी फिरवते. निम्मं तरी वाचतंय असं म्हणून मन घट्ट करते.

आज म्हणाली, "आई, हा हल्ली माझ्याकडे नीट ओढत नाही. मला दूध कमी येतंय का?" दुकानात काचांच्या खोक्यांमागे बसून दूध काढते म्हणे, दाराला स्टूल लावून. मालक ओरडतो. तिचे डोळे खोल गेलेत. मी म्हटलं, "कमी झालं असेल तर बंद कर. डब्याचं सुरू करू." इतकी सोपी वाट दाखवली मी! तर अशी बघायला लागली जशी मी त्याला विष द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसाच्या वाटीची सोय म्हणून ती आज जेवण झाल्यावरही बसून दूध काढत होती. माझा राग थोडा ढिला झाला असता, पण नाही होऊ दिला.

शनिवार, २० एप्रिल

साहेबांना जुलाब. कालपासून. हिरवट पाणीच नुसतं. डोळे आत, टाळू खोल. हातात घेतलं तर हलके लागतात. गुरुवारी दुपारी गॅस संपला होता, तेव्हा बाटली न उकळता नळाच्या पाण्याने धुतली आणि दूधही त्याच पाण्यात कालवलं. एकदाच. एकदाने काय होतंय?

ती रडत नाही. सारखी पाजतेय फक्त. फोनवर तिच्या दवाखान्यातल्या बाईंशी बोलली, त्या म्हणाल्या पाजत राहा, आणि आत्ताच्या आत्ता घेऊन या. मुलगा कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये, लिफ्टमध्ये माणसं अडकलीत म्हणे. याच्या लिफ्टा नेमक्या वेळेला बऱ्या अडकतात. मी म्हटलं, मी येते.

सोमवार, २२ एप्रिल

सगळं लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

शनिवारी तिकडे पोचल्यावर साहेबांना भरती करून घेतलं, मीठसाखरेचं पाणी दिलं. तेही चमचा चमचा. आज जरा डोळे उघडून बघायला लागले तेव्हा त्या फोनवरच्या समुपदेशक बाईंनी सुनेला बोलावलं. कोपऱ्यातली खोली, औषधांच्या खोक्यांनी अर्धी भरलेली, खिडकी रंगवून बंद केलेली. मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." नेहमी असंच असतं म्हणे, नातेवाईक बाहेर. मी बाळ हातातून सोडलं नाही आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. काढा म्हटलं बाहेर, बघू.

बाईंनी सुनेला विचारलं, "वरचं काही दिलं का? पाणी, दूध, काहीही? खरं सांगा, रागावणार नाही."

सून म्हणाली, "नाही हो. तुमच्या पायाची शपथ. पाण्याचा थेंब नाही. मी काढून ठेवते आणि आई तेवढंच पाजतात." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "विचारा त्यांना."

तिने माझी साक्ष काढली. माझी!

मी गप्प राहू शकत होते. कुणाला कळलं नसतं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं असतं आणि आम्ही घरी आलो असतो. पण साहेबांचा हात माझ्या बोटाभोवती होता. मी म्हटलं, "मी डब्याचं दिलं. ही कामाला लागल्यापासून रोज. हिचं मोरीत ओतत होते. मला माहीत आहे हिला काय झालंय. अशा आईचं दूध पाजायचं नसतं, हे तुमच्याच खात्याच्या बाईने आम्हाला सांगितलं होतं."

 सून उठली, माझ्या मांडीवरून बाळ घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. आवाज नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुम्ही ऐकलं ते बरोबर होतं. त्या वेळचं. तेव्हा आम्ही तसंच सांगायचो, मीसुद्धा सांगितलंय. तेव्हा या गोळ्या अशा प्रत्येक आईला मिळत नव्हत्या. आता या रोज गोळी घेतात, एकही चुकवलेली नाही. यांच्या रक्तात विषाणू मशीनला सापडत नाही इतका कमी झालाय. अशा आईच्या दुधातून बाळाला लागण होण्याचा धोका फार थोडा असतो. आणि त्याच दुधाने बाळाचं जुलाबापासून, न्यूमोनियापासून रक्षण होतं. पहिले सहा महिने सगळ्यात वाईट काय, तर दोन्ही मिसळणं. वरच्या दुधाने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं, आणि मग जे आत शिरायला नको त्याला वाट मिळते."

मी म्हटलं, "म्हणजे मी निम्मं वाचवत नव्हते."

त्या म्हणाल्या, "नाही, आजी."

तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःवरची, पण ती निघाली त्यांच्यावर. म्हटलं, "मग नियम बदललात तेव्हा आमच्या कारखान्यात परत का आला नाहीत चित्रं घेऊन? सांगून गेलात आणि विसरलात! आम्ही नाही विसरलो! यांना आत घेऊन दार लावून कानात सांगता, आणि दिवसभर पोर असतं कुणाच्या हातात? माझ्या! चमचा कुणाच्या हातात? माझ्या! आणि मला म्हणता बाहेर बसा!"

शिपाई डोकावून गेला.  बाई म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं होतं, घरात कुणाला कळू द्यायचं नाही. आम्हाला तो शब्द पाळावा लागतो."

साहेबांचं रक्त परत घेतलं. पुन्हा टाचेला सुई. पातळ औषध पुन्हा सुरू केलं. निकाल यायला वेळ लागेल. तोवर डबा बंद, फक्त आईचं.

मंगळवार, २३ एप्रिल

डबा आणि बाटली कचऱ्यात टाकली. समोरची बघत होती, बघू दे.

ती माझ्याशी बोलत नव्हती. मी कसंबसं म्हटलं, तू मला सांगितलं असतंस तर हे झालं नसतं. तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला या घरात ठेवलं असतं का, आई?"

  म्हणायला काय, हो म्हणता आलं असतं. पण गुरुवारी २८ मार्चला मी या वहीत काय लिहिलंय ते मी आज वाचलं.

तिने दुकानात महिनाभराची सुट्टी मागितली. मालकाने सांगितलं, मग येऊच नको. म्हणून आता ती घरीच असते आणि साहेबांना क्षणभर माझ्याकडे देत नाही. अंघोळीला जाताना सोबत नेते, मोरीच्या दाराशी टोपलीत ठेवते. मी समोर बसलेली असताना.

गुरुवार, २ मे

नणंद आली होती. माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण, आयुष्यभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटलेली. खुर्चीत बसली नाही तोच सुरू: "पोर किती उतरलंय! पाणी देत नाही का? अगं दोन चमचे दे, मी देते, आण इकडे." आणि उठलीच स्वयंपाकघराकडे.

मी आडवी गेले. म्हटलं, "चमच्याला हात लावलास तर बघ." ती म्हणाली, "अगं बाई, मागच्या खेपेला तूच तर कुरकुरत होतीस!" मी म्हटलं, "तेव्हा मी मूर्ख होते. आता तू आहेस." फणकाऱ्याने गेली. जाऊ दे.

सून दारात उभी राहून सगळं बघत होती.  दुपारी अंघोळीला जाताना टोपली मोरीशी नेली नाही. बाहेरच्या खोलीत ठेवली, माझ्या पायाशी.

बुधवार, ८ मे

निकाल आला. साहेबांच्या रक्तात काही नाही. बाई म्हणाल्या, पाजणं चालू आहे तोवर आणि बंद केल्यावरही तपासण्या होत राहतील, पण आज काही नाही. सून खाली बसली, तिथेच, जमिनीवर, खोक्यांच्या मध्ये. मीही बसले. माझे गुडघे कुठे वाकतात, पण बसले.

घरी आलो तर मुलगा आज लवकर आलेला. निकाल ऐकला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. सून पलंगावर टेकून पाजायला बसली. माझं मन इतकं हलकं झालं होतं की वाटलं आज मोठेपणा दाखवावा. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "झालं गेलं जाऊ दे. माहेराहून जे घेऊन आलीस त्यात तुझा तरी काय दोष? आम्ही निभावू."

तिने मान वर केली. "माहेराहून?"

मुलगा म्हणाला, "आई, राहू दे ना आता."

"माझी लग्नाआधी तपासणी झाली होती, आई," ती म्हणाली. "दुकानात नोकरीला लागताना. माझ्यात काही नव्हतं." ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "मला गरोदरपणात कळलं. यांना आधीपासून माहीत होतं. त्या तापापासून. पाया पडून म्हणाले, आईला कळलं तर ती मरेल. म्हटलं ठीक आहे, कधी सांगायची वेळ आलीच तर माझंच सांगा."

मी मुलाकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होता. इस्पितळातला तो डॉक्टर, आणि मला बाहेर पाठवणारा हा. पित्ताची गोळी. तोंड पुसत परत येणारी दोघं. सुटलेला टाका मला लांबून दिसतो म्हणे! गच्चीवर मी विचारलं होतं, आणि तू? आणि हा माझ्या तोंडावर म्हणाला, मी ठीक आहे गं. मी त्याच्या बायकोला मनातल्या मनात काय काय म्हटलं, तिचं दूध मोरीत ओतलं, आणि हा रोज समोर बसून जेवला.

माझं तोंड उघडलं. साऱ्या इमारतीने ऐकलं असतं असं काहीतरी बाहेर येणार होतं. सुनेने हात वर केला.

"आई, आत्ता नको. तो पितोय. दचकेल."

मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा. पलंगाच्या कडेला बसले. मुलगा हळूच बाहेर सरकायला लागला, मी नुसतं बोट दाखवलं आणि तो होता तिथेच थांबला.  साहेब बराच वेळ प्याले, सावकाश, मध्ये मध्ये थांबत, कुणाची घाई नसल्यासारखे. मग झोपले. तिने कपडे सारखे केले आणि त्यांना उशीला लावून ठेवलं.

तेव्हा मी उठले. दाराला आतून कडी घातली. मुलाला म्हटलं, "आता बोल. माझ्याशी नाही. तिच्याशी."